सीओईपी पहिल्या क्रमांकावरच राहू द्या. काम आहे ते दुसऱ्या क्रमांकापासून पुढे

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी साताऱ्यात बारावी सायन्सला आहे, खुला प्रवर्ग, क्लासच्या सराव परीक्षांत ९६-९७ पर्सेंटाइल येतात. तिला पुण्याच्या सीओईपीत, म्हणजे तिथल्या जुन्या सरकारी अभियांत्रिकी कॉलेजात, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच हवं आहे. दुसऱ्या कॉलेजचं नाव काढलं की ताटावरून उठते आणि ‘नाही मिळालं तर ड्रॉप घेईन’, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देईन, असं म्हणते. तिला इतर कॉलेजांचा विचार करायला कसं लावायचं?

आधी एक प्रयत्न सोडून द्या: सीओईपी तिच्या डोक्यातून काढण्याचा. त्याची गरजच नाही. कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, जागावाटप करताना संगणक गुणवत्तेच्या क्रमाने एकेका विद्यार्थ्याचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीच्या कॉलेज-शाखांची यादी, घेतो. पहिल्या पसंतीला जागा आहे का पाहतो, नसेल तर दुसरी, नसेल तर तिसरी. पहिली पसंती हुकली म्हणून दुसऱ्या पसंतीच्या रांगेत तिचा नंबर मागे जात नाही. म्हणजे सीओईपी कॉम्प्युटर एक नंबरला लिहिण्याची किंमत शून्य आहे, मग तिचे पर्सेंटाइल ९९ असोत की ९०. घरात ज्या गोष्टीवरून रोज वाजतंय ती गोष्ट फुकट आहे.

हे तिला याच शब्दांत सांगा. ‘पहिला नंबर तुझा, त्याला कोणी हात लावणार नाही. दोनपासून तीसपर्यंत काय लिहायचं ते ठरवायचंय, आणि ते तू ठरवायचंस.’ बहुतेक मुलांचा विरोध दुसऱ्या कॉलेजला नसतोच. दुसऱ्या कॉलेजचं नाव घेतलं म्हणजे आईबाबांनी आपल्यावरचा विश्वास सोडला, असं त्यांना वाटतं. हा समज दूर झाला की निम्मं काम झालं.

बोलायची वेळही सांभाळा. सराव परीक्षेचा निकाल लागला त्या संध्याकाळी नको, पाहुण्यांसमोर तर मुळीच नको. रविवारी सकाळी वीस मिनिटं पुरेत, आणि वीस मिनिटं झाली की विषय बंद. रोज जेवताना थोडं थोडं बोललं की त्याची कटकट होते. ‘झेपेल का तुला?’, ‘काकांच्या सुनीलला कुठे मिळालं?’, ‘कॉलेजने काय होतंय, आपण शिकलं पाहिजे’ ही तीन वाक्यं टाळाच. तिसरं वाक्य चांगलं वाटतं, पण दोन वर्षं पहाटे उठून अभ्यास करणाऱ्या मुलीला त्यातून ‘तू उगाच राबलीस’ एवढंच ऐकू येतं.

नावामागे नेमकं काय आहे

पुढचं काम कागदावरचं. तिला विचारा, सीओईपीत तुला काय काय मिळणार आहे? पाच मुद्दे तिनेच लिहायचे. तुम्ही त्यावर वाद घालायचा नाही.

साधारण जे मुद्दे येतात ते ठरलेले असतात. एक, नाव. १८५४ साली सुरू झालेली संस्था, विश्वेश्वरय्या तिथे शिकले, आता तर ते स्वतंत्र विद्यापीठ झालंय. दोन, प्लेसमेंट. तीन, पुणे. चार, तिथलं कॅम्पस जीवन: बोट क्लब, रेगाटा, विद्यार्थ्यांनी बनवलेला आणि २०१६ साली इस्रोने सोडलेला ‘स्वयं’ उपग्रह. पाच, सरकारी म्हणून फी कमी. आणि सहावा, जो लिहिला जात नाही: क्लासमधल्या दोन मैत्रिणी तिकडेच जाणार आहेत, किंवा दहावीला कोणीतरी ‘ही सीओईपीचीच’ असं म्हटलं होतं.

आता प्रत्येक मुद्द्यापुढे एक रकाना: हे आणखी कुठे मिळतं? पुणं हवं असेल तर पुण्यात पीआयसीटी आहे, बिबवेवाडीचं विश्वकर्मा म्हणजे व्हीआयटी आहे, मुलींसाठी कर्वेनगरला कमिन्स आहे. जुनं, नावाजलेलं, सरकारी किंवा अनुदानित हवं असेल तर माटुंग्याचं व्हीजेटीआय १८८७ चं आहे, अंधेरीचं सरदार पटेल आहे, सांगलीचं वालचंद १९४७ चं आहे आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी तर तुमच्याच जिल्ह्यात आहे. उपग्रहाचं वेड असेल तर शाखेचाच पुन्हा विचार करावा लागेल. उपग्रह बनवायला इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकलवालेही लागतात. नुसतं नाव हवं असेल तर तेही खोटं कारण नाही. पण मग तिला दुसरा प्रश्न विचारता येतो: कॉलेज सीओईपी आणि शाखा मेटलर्जी, की कॉलेज दुसरं आणि शाखा कॉम्प्युटर? सीओईपीत सिव्हिल, मेटलर्जी, मॅन्युफॅक्चरिंग यांचे कटऑफ कॉम्प्युटरपेक्षा बरेच खाली येतात.

या एका प्रश्नाने तिला कॉलेज हवंय की शाखा, हे स्पष्ट होतं. मुलं ‘सीओईपी कॉम्प्युटर’ हा एकच शब्द असल्यासारखं बोलतात. तो फुटला की यादी आपोआप लांब होऊ लागते. माझं मत विचाराल तर ज्या मुलीला कोडिंग खरोखर आवडतं तिने शाखा धरावी. जिला अजून काहीच नक्की माहीत नाही, तिने चांगलं कॉलेज धरून शाखेत लवचीक राहिलं तरी चालेल. ‘कॉम्प्युटरच’ हा हट्ट बऱ्याचदा मुलीचा नसून घराचा असतो, हेही एकदा तपासून पाहा.

आकडे तिला स्वतः काढू द्या

पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातली किती मुलं तुमच्या मागे आहेत तो आकडा, फसवतो. ९६.५ आणि ९९.९ यांत ३.४ चाच फरक दिसतो, थोडा जोर लावला की झालं असं वाटतं. २०२५ साली पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) गटात चार लाखांहून जास्त मुलांनी सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, दिली. हिशोबाला चार लाख धरा. ९९.९ म्हणजे पुढे ४०० मुलं. ९९ म्हणजे ४ हजार. ९६.५ म्हणजे १४ हजार. सीओईपी कॉम्प्युटरला खुल्या जागा ९९.९ च्या आसपास बंद होतात, मुलींच्या राखीव जागा किंचित खाली. म्हणजे तिला सुमारे साडेतेरा हजार मुलांना मागे टाकायचं आहे. हे तुम्ही सांगू नका. तिच्याकडे कॅल्क्युलेटर द्या आणि गप्प बसा.

दुसरी फसवणूक क्लासच्या पर्सेंटाइलची. तो क्लासच्या मुलांमधला असतो, राज्यातल्या मुलांमधला नाही. क्लासची मुलं निवडक असतील तर खरा आकडा वर जाईल, सगळेच घेतलेले असतील तर खाली येईल. म्हणून क्लासच्या आकड्यावर यादी बांधायची नाही. दोन यादी करा, एक आजच्या आकड्यापेक्षा १ वर धरून आणि एक २ खाली धरून. निकाल लागला की त्यातली जवळची उचलायची.

आता कटऑफ. सीईटी सेल दर वर्षी प्रत्येक फेरीचे कटऑफ पीडीएफमध्ये टाकतं. यूट्यूबवरचे तक्ते नकोत, मूळ पीडीएफच बघा. प्रत्येक शाखेखाली जागांच्या प्रकाराचे कोड असतात आणि त्याखाली दोन आकडे: वर शेवटच्या प्रवेशाचा मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाइल. कोडचं पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं अक्षर सगळ्यात जास्त चुकवतं: एस म्हणजे राज्यस्तर, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (आपल्या भागाचं विद्यापीठ), ओ म्हणजे होम युनिव्हर्सिटीबाहेरचे. तुम्ही सातारा जिल्ह्यातले, बारावीही तिथलीच, म्हणजे तुमचं होम युनिव्हर्सिटी शिवाजी विद्यापीठ. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजात एच आणि ओ वेगळे दिले असतील तर तुमच्यासाठी ओचा आकडा खरा. पुण्याच्या मैत्रिणीचा एचचा आकडा पाहून ‘मलाही मिळेल’ म्हटलं की जुलैत रडारड होते. उलट कोल्हापूर-सांगलीकडच्या काही कॉलेजांत तुम्ही एच ठरता, तिथे गणित तुमच्या बाजूने वळतं.

मागच्या दोन वर्षांच्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीचे आकडे एका वहीत घ्या, मेरिट नंबर आणि पर्सेंटाइल दोन्ही. एखाद्या वर्षी परीक्षा देणारे वाढले की त्याच पर्सेंटाइलला पुढे जास्त मुलं असतात, म्हणून एकाच आकड्यावर विसंबलं की चूक होते. आणि वही तिनेच लिहायची. ज्या कॉलेजची माहिती स्वतःच्या हाताने उतरवली त्याबद्दल माणूस ‘मला नकोच’ असं पटकन म्हणत नाही.

कॉलेज बघायला जा, पण बघण्यासारखं बघा

परीक्षा संपल्यावर मे महिन्यात दोन दिवस काढा. शनिवार-रविवार नको, आणि तिथे सुट्टी किंवा परीक्षा नाही ना ते आधी विचारून घ्या. साताऱ्याहून पुण्याला जाताना कात्रज उतरलं की धनकवडीला पीआयसीटी, तिथून बिबवेवाडीला व्हीआयटी, मग कर्वेनगरला कमिन्स, हे एका दिवसात होतं. दुसरा दिवस कराड आणि सांगलीचा. सीओईपीलाही जा, नाहीतर तिला वाटेल की तुम्ही ते मुद्दाम टाळताय.

प्रवेशद्वार, लॉन आणि सभागृह सगळीकडे छानच असतं. त्यापेक्षा दुपारी चारनंतर लॅबमध्ये डोकावा. दिवे चालू आहेत का, मुलं काम करताहेत का, की कुलूप आहे? लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी असते ते दारावर लिहिलेलं असतं. प्राध्यापकांना नंतर भेटा, आधी सेकंड इयरच्या दोन-तीन मुलींना गाठा. फर्स्ट इयरच्या मुली नवलाईत असतात आणि फायनल इयरच्या प्लेसमेंटच्या गडबडीत. त्यांना विचारा: मागच्या सेमिस्टरला किती जणांना केटी लागली, म्हणजे विषय राहिले? एखादा विषय शिकवायला कोणीच नव्हतं असं झालं का? प्रोजेक्ट स्वतः करता की बाहेरून आणता? हॉस्टेल पहिल्या वर्षी सगळ्यांना मिळतं का, मेस कशी आहे, रात्री परत यायची वेळ किती? हे प्रश्न मुलीने विचारायचे. तुम्ही कॅन्टीनमध्ये चहा घेत बसा. आई शेजारी उभी असली की समोरची मुलगी खरं सांगत नाही.

प्लेसमेंटच्या फलकावर सर्वोच्च पॅकेज मोठ्या अक्षरात असतं. ते एका मुलाचं असतं, त्याचा तुमच्याशी संबंध नाही. तुम्हाला हवं ते मध्यक वेतन, म्हणजे निम्म्या मुलांना ज्याच्यावर मिळालं आणि निम्म्यांना ज्याच्याखाली तो आकडा. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजं आपला माहिती-तक्ता संकेतस्थळावर टाकतात. त्यात किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेले आणि मध्यक वेतन किती, हे असतं. टक्केवारी कशाची आहे तेही बघा. समजा शाखेत १२० मुलं आहेत, प्लेसमेंटला नाव नोंदवलं ७० जणांनी आणि नोकरी लागली ६३ जणांना. फलकावर ९० टक्के लिहिलेलं असेल आणि ते खोटंही नसेल, पण १२० मधले ते साडेबावन्न टक्के झाले. एकाच मुलाच्या दोन ऑफर दोनदा मोजल्या जातात, तेही विचारून घ्या.

मानांकनाबद्दल एवढंच: नॅक संपूर्ण संस्थेला असतं, एनबीए त्या त्या शाखेला. तुमच्या शाखेचं एनबीए आज चालू आहे की संपलंय ते पाहा.

ऑप्शन फॉर्म

फॉर्मवर ३०० पर्यंत पर्याय लिहिता येतात. तरीही दर वर्षी चार-पाच पर्याय लिहून मुलं थांबतात आणि पहिल्या फेरीत काहीच न मिळाल्यावर धावाधाव सुरू होते. तुमच्या मुलीसाठी तीसेक पर्याय ठीक. वर सात-आठ मनातले, मिळोत न मिळोत. मधे चौदा-पंधरा असे, ज्यांचे मागच्या वर्षीचे कटऑफ तिच्या पर्सेंटाइलच्या एक वर-एक खाली आहेत. खाली आठ-नऊ असे, की जे शेवटच्या फेरीत तिच्यापेक्षा दोन-तीन पर्सेंटाइल खाली बंद झाले होते. या तिसऱ्या गटावर सगळ्यात जास्त वेळ द्या. तिथे मुलं डोळे झाकून काहीही भरतात आणि मग नेमकं तेच मिळतं. नियम एकच: ज्या कॉलेजला प्रत्यक्ष जायची तयारी नाही ते लिहायचं नाही, कितीही खाली असलं तरी.

क्रम आवडीचा लावायचा, शक्यतेचा नाही. ‘हे मिळण्यासारखं आहे म्हणून वर घेतलं’ ही सगळ्यात महागडी चूक. २०२५-२६ च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागे, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कोणतीही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणतीही. मिळालेली जागा नाकारली तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या सहा ओळी लिहिताना प्रत्येक ओळीला विचारायचं: हे मिळालं आणि दुसरं काही बघायची मुभा नसली, तर चालेल? नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहिती पुस्तिका फॉर्म उघडण्याआधी तिने आणि तुम्ही, दोघांनी वाचा. वरच्या बंधनकारक पसंतीखालची जागा मिळाली तर ती धरून ठेवून पुढच्या फेरीत वरचं बघता येतं. मात्र वरचं मिळालं की आधीची जागा आपोआप सुटते, परत मागता येत नाही.

एक बारीक गोष्ट ट्यूशन फी माफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागांची. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर त्यांना अर्ज करता येतो. त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो आणि शेवटी टी असतो. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेचे हे दोन कोड वेगवेगळे पर्याय धरून लिहावे लागतात, टीचा वर आणि साधा खाली. टीच्या जागेवर प्रवेश घेतला की नंतर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही, तेव्हा ‘आधी शिरू, मग कॉम्प्युटरला बदलून घेऊ’ असा बेत असेल तर ही जागा घेऊ नका. तसंही पहिल्या वर्षानंतरची शाखाबदली मोजक्या जागांवर आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर होते. मिळाली तर लाभ, पण तिच्या भरवशावर कॉलेज निवडू नये.

कॅपच्या बाहेरचे रस्ते जानेवारी-फेब्रुवारीतच बघावे लागतात, जूनमध्ये नाही. जेईई मेन दिली असेल तर नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांना असतात. पुणे आणि नागपूरच्या ट्रिपलआयटी देशभराच्या यादीतून भरतात. खासगी विद्यापीठांच्या स्वतंत्र परीक्षांचे अर्ज लवकर बंद होतात. यातले एक-दोनच निवडा. आठ परीक्षांचे फॉर्म भरून मुलगी कशाचाच अभ्यास धड करत नाही.

‘ड्रॉप घेईन’ म्हणते तेव्हा

लगेच नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. हा निर्णय निकालानंतर, हातात मिळालेली जागा असताना करायचा, असं आत्ताच ठरवून टाका. हातात काही नसताना ड्रॉप ही पळवाट वाटते. समोर चांगली जागा असली तर तिला त्या जागेशी तुलना करून ठरवता येतं.

तुलना करायची ती सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिकांवरून. सीईटी २०० गुणांची, त्यात गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे. गणिताला ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला पावणेदोन मिनिटांच्या जरा वर. फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला मिनिटही नाही. चुकीला गुण कापत नाहीत. शेवटच्या सहा सराव परीक्षा घ्या आणि गमावलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहा: येत नव्हतं, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही, अकरावीचा भाग होता. अकरावीचा भाग वीसेक टक्के असतो आणि बरीच मुलं तिथेच मार खातात, कारण अकरावीचं वर्ष कॉलेज बदलण्यात आणि क्लास शोधण्यात गेलेलं असतं.

गमावलेले गुण मुख्यतः वेळेचे आणि अकरावीचे असतील तर आणखी एका वर्षाने फरक पडू शकतो, आणि खरं तर आत्ताच्या उरलेल्या महिन्यांतही पडू शकतो. ‘येत नव्हतं’ हा रकाना मोठा असेल आणि तो सहाही परीक्षांत तितकाच राहिला असेल, तर ड्रॉपमध्ये तेच वर्ष पुन्हा होईल. ९६.५ वरून ९८.५ ला जाणं ड्रॉपमध्ये जमू शकतं. पण त्याने सीओईपी कॉम्प्युटर मिळत नाही, वालचंद किंवा पुण्यातल्या कॉलेजात थोडी बरी शाखा मिळते. त्यासाठी एक वर्ष द्यायचं का, हा प्रश्न मग मोकळेपणाने विचारता येतो. शिवाय ड्रॉपच्या वर्षाचा निकाल आदल्याच्या बरोबरीचा किंवा कमी आला तर काय करायचं, हे ड्रॉप सुरू करण्याआधी कागदावर ठरलेलं हवं.

आणखी एक. चार वर्षांनी गेट ही परीक्षा देऊन एम.टेक.ला सीओईपी, व्हीजेटीआय किंवा आयआयटीत जाता येतं. सीओईपीचा दरवाजा अठराव्या वर्षी कायमचा बंद होत नाही. हे तिला सांगा, पण निकालाच्या दिवशी नको. त्या दिवशी कुठलंही सांत्वन चालत नाही. दोन दिवस तिला रडू द्या, नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या, आणि तिच्या वतीने कोणाला काय सांगायचं ते तिलाच विचारा.

पैसे आणि कागद

घरखर्चातून वर्षाला किती झेपतं तो आकडा तिला आत्ताच सांगा, हॉस्टेल-मेससह. मुलांना हा आकडा ऑप्शन फॉर्मच्या दिवशी कळला की फसवल्यासारखं वाटतं. आधी कळला तर ती स्वतःच यादीतून नावं काढतात. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना कॅपमधून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या जागेवर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खुल्या प्रवर्गात असाल आणि निकषात बसत असाल तर ईडब्ल्यूएसच्या दाखल्यासाठी आत्ताच सेतू केंद्रात जा. त्याने राखीव जागाही उघडतात. जूनमध्ये तिथे रांगा असतात आणि दाखला वेळेत न आल्यामुळे मुलं खुल्यात ढकलली जातात. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ही माफी लागू नाही. म्हणून ‘हट्टाच्या कॉलेजसाठी मॅनेजमेंटने घेऊ’ असं मनात असेल तर जादा फी आणि बुडालेली माफी, दोन्ही मोजा.

मार्च-एप्रिलमध्ये ‘सीट बुक करा, नंतर मिळणार नाही’ असे फोन सुरू होतील. पैसे भरायचेच असतील तर किती दिवसांत रद्द केल्यावर किती परत, हे लेखी घ्या. कॅपच्या जागेचा प्रवेश ठरलेल्या शेवटच्या तारखेआधी रद्द केला तर हजार रुपये कापून बाकी फी परत मिळते; ती तारीख उलटली की नाही. मूळ गुणपत्रिका आणि दाखले तपासून परत द्यायचे असतात, कॉलेजला ते ठेवून घेता येत नाहीत. तरीही प्रत्येक कागदाच्या पाच साक्षांकित प्रती आणि एक स्कॅन फोनमध्ये ठेवा.